डावी पेटी

देवनारला, तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेचा एसी
सकाळी अकरापर्यंत खोकत राहतो.
पडद्यावर दोन पेट्या. एक निळी, एक मातकट.
बोट लावायचं. नाणं पडतं, किंवा पडत नाही.
साठ वेळा. मग चहा, दोनशे रुपये आणि सही.

एवढ्यावरून माणूस कळतो का, विचारतात लोक.
मीही विचारते,
पण पगार झाल्यावर.

आधी एक जाळं शिकवलं.
त्याला माणसं दाखवलीच नाहीत. दाखवली नुसती जगं,
दोन-दोन पेट्यांची, खोटी, माझ्या हातची, एक लाख.
दर वेळी पाटी पुसायची, दर वेळी नवा डाव.
पहिल्या हजारात ते बावचळलं.
विसाव्या हजारात चाचपडायला लागलं.
पुढे कधीतरी, मी डबा खायला गेले होते तेव्हा,
शिकायचं कसं
ते शिकलं.

मग त्याची वजनं गोठवली. कुलूपच घातलं म्हणा.
आता आत काहीएक बदलत नाही,
तरी नवा डाव मांडला
की पाच-सहा चालींत त्याला रागरंग कळतो.
मला ह्याचं अजून नवल वाटतं.
माझे काका असे आहेत. सवय एक सोडणार नाहीत,
पण कुठल्याही अनोळखी गल्लीतून बरोबर बाहेर पडतील.

चाळीस माणसं आणि ते, रेघेवर रेघ.
ती बिचकली तिथे ते बिचकलं,
ती हावरली तिथे तेही.
सरांनी आलेख बघून नुसतं "हं" केलं,
म्हणजे खूश.

मग क्रमांक एकेचाळीस.
दिगंबर पाठारे, वय एकाहत्तर, भायखळा.
छत्तीस चालींपर्यंत शहाण्यासारखे उजवीकडे.
सदतिसाव्याला, उजवी भरभरून देत असताना,
डावी.
जी केव्हाची ठणठणीत कोरडी.

"गोंगाट आहे," सर म्हणाले. "वगळ."

मी फोन लावला.
"चौतीस वर्षं टॅक्सीचे मीटर दुरुस्त केले हो,
ते जुने, लोखंडी, हाताने पाडायचे.
बंद पडलेला मीटर मेलेला नसतो, बाई. रुसलेला असतो.
अधूनमधून टिचकी मारून बघायची.
तुमच्या त्या डावीला बराच वेळ कुणी विचारलं नव्हतं."
मागे कुणीतरी दूधवाल्याशी हिशेबावरून भांडत होतं.
"आणि पडलं का नाणं?" मी विचारलं,
उत्तर समोर दिसत असूनही.
"छे," म्हणाले, आणि हसले.

रात्री ती लाख जगं उघडून बसले.
एकाही जगात गेलेलं परत येत नव्हतं.
कोरडी ती शेवटपर्यंत कोरडी. मीच तसं लिहिलेलं,
एका ओळीत, मागच्या मार्चमध्ये,
सोपं पडतं म्हणून.
मागच्या मार्चमध्ये आणखीही एक गोष्ट
मी तशीच, एका ओळीत, मिटवली होती.

ओळ बदलली.
आता काही जगांत कोरडी पेटी
न सांगता, केव्हातरी, ओलावते.
कुलूप काढलं. पुन्हा पहिलीपासून.
चार रात्री मशीन इतकं तापलं
की वॉचमन घोगळे वर येऊन विचारून गेले, मॅडम, काही जळतंय का?

पाचव्या दिवशी त्याने डावी चाचपली.
एकदाच. सदतिसाव्याला नाही, एकतिसाव्याला.
पाठाऱ्यांपेक्षा जरा उतावीळच.

आणि क्रमांक बारा, आधी केसाइतकी जुळलेली,
ती आता जुळत नाही.
एकोणीस वर्षांची मुलगी, मानखुर्द.
साठांत एकदाही मागे वळली नाही.
तिच्या जगांत काय काय परत आलं नसेल,
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
नंबर आहे.